उपजेची तालीम : तबलावादकाचे शिक्षण, साथ आणि चरितार्थ

उत्तर हिंदुस्थानी संगीतातील तबलावादक मैफलीत जे वाजवतो त्याचा मोठा भाग आधी ठरवून ठेवलेला नसतो, आणि तरीही त्या वादनाची तयारी दहा-पंधरा वर्षे चालणाऱ्या अत्यंत काटेकोर पाठांतरातून होते. आयत्या वेळी, चालू आवर्तनाच्या, म्हणजे तालाच्या एका फेऱ्याच्या, बंधनात राहून, नवा बोलसमूह सुचणे आणि तो त्याच क्षणी हातातून निघणे याला संगीतव्यवहारात ‘उपज’ म्हणतात. पाठांतरातून उपज कशी निर्माण होते, ती शिकवता येते की नुसती घडू द्यावी लागते, आणि ती शिकलेल्या माणसाचे पोट कशावर चालते, हे तीन प्रश्न बहुधा वेगवेगळे चर्चिले जातात. वास्तविक ते एकमेकांत इतके गुंतलेले आहेत की त्यांतील एकाचे उत्तर दुसऱ्याला वगळून देता येत नाही. तबल्याच्या उपजेचे दोन प्रकार आहेत, त्यांपैकी एकाचे शास्त्र फार उत्तम विकसित झाले आहे, तर दुसरा प्रकार, ज्यावर बहुसंख्य वादकांचा चरितार्थ अवलंबून असतो, तो शिक्षणव्यवस्थेने जवळजवळ मैफलीवर सोडून दिला आहे, असे या आढाव्याचे प्रतिपादन आहे.

पहिला प्रकार स्वतंत्र वादनातला. यात तबलावादक हाच मुख्य कलाकार असतो आणि हार्मोनियम किंवा सारंगी त्याला ‘लेहरा’ धरून देते, म्हणजे एका आवर्तनाची ठरावीक स्वरावली अखंड वाजवत राहते, जेणेकरून वादकाला व श्रोत्याला समेचे, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेचे, भान राहावे. दुसरा प्रकार साथीतला, जिथे वादकाने गायकाच्या, तंतकाराच्या किंवा कथक नर्तकाच्या मनात त्या क्षणी काय चालले आहे ते ओळखून प्रतिसाद द्यायचा असतो. पहिल्यात वादक स्वतः मांडलेल्या विषयाचा विस्तार करतो, दुसऱ्यात विषय दुसऱ्याचा असतो. या दोन्हींना लागणारे हात एकच असले, तरी कान आणि मन यांची तयारी पुष्कळ वेगळी असते.

स्वतंत्र वादनातील रचनांचे दोन वर्ग करण्याची पद्धत मराठी तबलाशिक्षणात रूढ आहे. तुकडा, गत, चक्रदार, मोहरा या रचना ‘अविस्तारक्षम’ मानल्या जातात. त्या बांधलेल्या असतात, गुरूकडून जशा मिळाल्या तशा वाजवायच्या असतात, आणि त्यांतले सौंदर्य रचनाकाराचे असते. पेशकार, कायदा आणि रेला हे ‘विस्तारक्षम’ प्रकार, आणि उपजेची खरी शाळा म्हणजे हेच. पेशकार हा वादनाच्या प्रारंभी येणारा, ठेक्याच्या अंगाने पण डौलाने चालणारा, तुलनेने मोकळा विस्तार असतो. रेल्यात जलद बोलांची सलग धार असते. कायदा मात्र नावाप्रमाणेच नियमबद्ध असतो आणि म्हणूनच तालमीचा कणा ठरतो.

दिल्ली घराण्याच्या विद्यार्थ्याला अगदी सुरुवातीला मिळणारा कायदा घेऊन हे नीट पाहता येते. ‘धाधातिट धाधातिंना, तातातिट धाधाधिंना’ अशी त्याची सोळा अक्षरांची चाल असते. पहिल्या अर्ध्या भागात डग्ग्याचा, म्हणजे डाव्या हाताच्या खर्ज वाद्याचा, घुमारा भरलेला असतो, त्याला ‘भरी’ म्हणतात. दुसऱ्या भागाच्या आरंभी तो घुमारा काढून घेतला जातो आणि ‘धा’च्या जागी ‘ता’ येतो, ही ‘खाली’, आणि शेवटाकडे भरी परत येते. विस्तार करताना प्रथम ‘दोहरा’ येतो, ज्यात आरंभीचा तुकडा दुहेरी होऊन ‘धाधातिट धाधातिट धाधातिट धाधातिंना’ अशी ओळ होते आणि तिला अनुरूप खालीची ओळ जोडली जाते. त्यानंतर याच अक्षरांची अदलाबदल करून, कधी ‘तिट’ पुढे आणून तर कधी ‘धा’वर थांबा घेऊन, एकामागून एक ‘पलटे’ तयार होतात. नियम थोडे पण कडक असतात : मूळ कायद्यात नसलेला बोल आणायचा नाही, प्रत्येक पलट्याचा शेवट कायद्याच्या ठरलेल्या यमकावर यायचा, भरी-खालीचा क्रम मोडायचा नाही, आणि आवर्तन बिघडू द्यायचे नाही. एवढ्या मर्यादेतही शक्यतांची संख्या प्रचंड असते, आणि त्यांतल्या बहुतेक शक्यता नियमात बसूनही रसहीन असतात. म्हणून विद्यार्थ्याला शिकायचे असते ते निवड करणे. कोणत्या पलट्यानंतर कोणता पलटा यावा, कोणता बोल किती वेळा आल्यावर कंटाळा येतो, विस्तार कुठे दाट करावा आणि कुठे विरळ, हे कोणत्याही सूत्रात सांगितलेले नसते.

या प्रश्नाचा एक लक्षणीय अभ्यास 1980च्या दशकात लखनौमध्ये झाला. ब्रिटिश संगीतशास्त्रज्ञ जेम्स किपेन यांनी लखनौ घराण्याचे खलिफा आफाक हुसेन खाँ यांच्याकडे तालीम घेतली, त्या अनुभवावर त्यांचा लखनौच्या तबल्यावरील ग्रंथ 1988मध्ये प्रसिद्ध झाला, आणि त्याच काळात बर्नार्ड बेल यांच्यासह त्यांनी ‘बोल प्रोसेसर’ नावाची संगणकप्रणाली विकसित केली. कायद्याचे नियम व्याकरणासारखे मांडायचे, त्या व्याकरणावरून संगणकाने नवे पलटे तयार करायचे, ते जाणकार वादकांनी ऐकून बरोबर-चूक सांगायचे, आणि त्या निवाड्यानुसार व्याकरण सुधारायचे, असे तिचे स्वरूप होते. तबल्याच्या शिक्षणाच्या दृष्टीने या प्रयोगाचे मोल संगणकापेक्षा त्याच्या पद्धतीत आहे. उस्तादाला नियम सांगता येवो वा न येवो, चुकीचा पलटा त्याला तत्काळ खटकतो, आणि परंपरागत तालमीतही नेमके हेच घडते : शिष्य वाजवतो, गुरू मान हलवतो किंवा थांबवतो, आणि हजारो वेळा थांबवले गेल्यावर शिष्याच्या हातात ते व्याकरण उतरते. नियमांचा पाठ देऊन नव्हे, दुरुस्तीच्या संचयातून उपज घडते, या जुन्या अनुभवाला या प्रयोगाने भक्कम आधार दिला.

स्वतंत्र वादनातील उपजेचे दुसरे अंग हिशेबाचे आहे. एकच बोलसमूह तीनदा म्हणून त्याचे शेवटचे अक्षर समेवर आणणे म्हणजे ‘तिहाई’. सोळा मात्रांच्या तीनतालात नवव्या मात्रेपासून मात्रेला दोन अक्षरे या गतीने निघाल्यास समेच्या आघातासह सतरा अक्षरे मिळतात, त्यांत पाच अक्षरांचा तुकडा तीनदा आणि मध्ये एकेक अक्षराचे दोन थांबे बरोबर बसतात. असे हिशेब तयार वादकाला तोंडपाठ असतात, परंतु मैफलीत तो नवव्या मात्रेला निघेलच असे नाही. सव्वानऊला निघाला तरी समेवर पोहोचण्याची खात्री असणे हे तयारीचे लक्षण मानले जाते. गोव्यातील पर्वत येथील खाप्रूमामा पर्वतकर यांनी लयीच्या या अंगाचा असा ध्यास घेतला की हात, पाय आणि मुख यांनी एकाच वेळी भिन्न लयी दाखवण्याची त्यांची सिद्धी आख्यायिकेसारखी सांगितली जाते. ‘लयब्रह्मभास्कर’ ही त्यांची उपाधी त्यातूनच आली. तथापि हिशेबाची ही बाजू श्रोत्याला चटकन कळते आणि टाळी मिळवते, म्हणून तरुण वादक तिच्यामागे अधिक लागतात आणि पेशकाराची संथ, नादावर अवलंबून असणारी उपज मागे पडते. ही आजच्या स्वतंत्र वादनातील एक खरी उणीव आहे.

परंपरागत तालमीचा क्रम सर्व घराण्यांत ढोबळमानाने सारखा होता. गंडाबंधनाने, म्हणजे गुरूने शिष्याच्या मनगटाला दोरा बांधून, नाते पक्के व्हायचे. त्याच्या आधी आणि नंतर वर्षानुवर्षे ‘निकास’ घडवला जायचा, म्हणजे चाट, लव आणि शाई या तबल्याच्या तीन भागांवर प्रत्येक बोटाचा आघात कसा पडावा आणि नाद कसा सुटावा हे बसवले जायचे. बोल हाताआधी मुखाने म्हणण्याला ‘पढंत’ म्हणतात, आणि जे मुखातून स्पष्ट येत नाही ते हातातून येणार नाही, या तत्त्वावर तिचा आग्रह धरला जायचा. एखादा बोल सलग चाळीस दिवस ठरल्या वेळी घोटण्याचा ‘चिल्ला’ हाही या शिस्तीचा भाग. उपज यानंतर यायची. मात्र ‘काय’ सुचावे यावर घराण्याचा ठसा असायचा. दिल्लीत दोन बोटांचा, चाटेवरचा, कायदाप्रधान बाज आणि अजराड्यात तिस्र जातीचे कायदे व डग्ग्याचे लालित्य ही वैशिष्ट्ये सांगितली जातात. लखनौवर नृत्याचा प्रभाव होता, फरुखाबादने गतींचे वैभव जपले, बनारसने उठान आणि लग्गी यांचा जोश वाढवला, तर पंजाबने पखवाजाचा खुला नाद आणि लयीचे गणित आणले. आज हे भेद पुसट झाले असले, तरी उपजेची सामग्री त्यांतूनच मिळते आणि तिचे भांडार जितके समृद्ध तितकी उपज समृद्ध, हे अद्याप खरे आहे.

मुंबईत हे भांडार फार मोठ्या प्रमाणावर एकत्र आले. मुनीर खाँ (1863–1937) यांनी अनेक परंपरांची विद्या मिळवून ती या शहरात मुक्तहस्ते वाटली. अहमदजान थिरकवा आणि मुनीर खाँचे भाचे अमीर हुसेन खाँ (1899–1969) हे त्यांचे शिष्य. अमीर हुसेन खाँनी असंख्य गती व तुकडे रचले आणि निखिल घोष, पंढरीनाथ नागेशकर, अरविंद मुळगावकर यांच्यासारखे शिष्य घडवले. मुळगावकरांचा ‘तबला’ हा मराठी ग्रंथ या विद्येचे लिखित रूप म्हणून आजही वापरला जातो. घराण्याबाहेरच्या, बहुतांशी मराठी व गोमंतकीय, शिष्यांपर्यंत ही विद्या पोहोचली नसती, तर महाराष्ट्रातील आजचे तबलावादन अस्तित्वातच आले नसते, इतके या काळाचे महत्त्व आहे.

साथीची गोष्ट वेगळी आहे. अतिविलंबित ख्यालात, उदाहरणार्थ ख्यालगायक अमीर खाँ यांनी रूढ केलेल्या झूमऱ्याच्या संथ चालीत, एकेका मात्रेला काही सेकंद लागतात आणि तबलावादकाने ठेका, म्हणजे तालाचे ओळखचिन्ह असलेला मूळ बोलबंध, तेवढ्याच भारदस्तपणे धरून ठेवायचा असतो. येथे उपजेला जागा नाही असे वरवर वाटते, परंतु मात्रांमधली पोकळी कोणत्या हलक्या बोलांनी भरायची, गायक समेकडे येऊ लागला की ठेका किती उचलायचा, आलाप रंगला असता किती अदृश्य व्हायचे, हे सारे निर्णय क्षणाक्षणाला घ्यावे लागतात. जयपूर घराण्याच्या गायकीत लय मध्यविलंबित असल्याने मागणी निराळी. ठुमरीच्या अखेरीस लग्गी, म्हणजे छोट्या बोलांची जलद चाल, लागते तेव्हा वादकाला मोकळीक मिळते, पण तीही शब्दाच्या भावाला धरून. सतार-सरोदाच्या साथीत तंतकार स्वतः थांबून गत धरतो आणि तबल्याला आवर्तने देतो, मग सवाल-जवाब आणि दोघांनी एकत्र धावण्याची लडंत. कथकात नर्तक मुखाने पढंत करतो आणि तबलावादकाने ती नुकतीच ऐकलेली रचना ताबडतोब वाजवायची असते. हे कौशल्य एखाद्या कायद्यासारखे तुकडे पाडून शिकवणे अवघड आहे, कारण त्यातला अर्धा भाग नेहमी दुसऱ्या कलावंताच्या ताब्यात असतो.

अशी साथ पूर्वी कुठे शिकली जायची, याचे उत्तर थिरकवाँच्या कारकिर्दीत सापडते. ते स्वतंत्र वादनाचे विसाव्या शतकातील शिखर मानले जातात, पण त्यांच्या उमेदीची वर्षे बालगंधर्वांच्या गंधर्व नाटक मंडळीत नाट्यपदांना साथ करण्यात गेली. रात्रीमागून रात्र तीच पदे, पण बालगंधर्व दर वेळी निराळ्या वळणाने गाणार, अशी ही शाळा होती. नाट्यपदाला साथ करताना बोल गायकीच्या अंगाने, लाडिकपणे बोलावे लागतात, आणि थिरकवाँच्या हातातल्या गोडव्याचे एक कारण तेथे शोधणे अवाजवी नाही. पुढे रामपूर दरबार आणि त्यानंतर लखनौचे भातखंडे संगीत महाविद्यालय असा त्यांचा प्रवास झाला. नाटक मंडळी, संस्थान आणि महाविद्यालय हे तीन आश्रयदाते एकाच आयुष्यात यावेत, यात त्या शतकाचा सगळा आर्थिक इतिहास आहे. 1970मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. 1976मध्ये त्यांचे निधन झाले.

संस्थाने आणि नाटक मंडळ्या ओसरल्यावर आकाशवाणी, चित्रपट आणि परदेश हे नवे आधार उभे राहिले. पंजाब घराण्याचे अल्लारखा (1919–2000) यांची वाटचाल या तिन्हींतून गेली. ते 1940च्या सुमारास आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावर होते, ‘ए. आर. कुरेशी’ या नावाने त्यांनी चित्रपटांना संगीत दिले, आणि पुढे सतारवादक रविशंकरांचे साथीदार म्हणून 1967चा मॉन्टेरे महोत्सव, 1969चा वुडस्टॉक आणि 1971ची बांगलादेशासाठीची न्यूयॉर्कमधील मैफल अशा मंचांवर वाजवले. रविशंकरांनी मैफलीच्या मध्यात तबल्याला स्वतंत्र जागा देण्याची पद्धत रूढ केली, त्यामुळे साथीदाराच्या उपजेकडे श्रोत्यांचे लक्ष जाऊ लागले. 1968मध्ये ड्रमवादक बडी रिच यांच्यासह अल्लारखांची ध्वनिमुद्रिका निघाली. तबल्याची उपज इतर परंपरांतील उपजेशी बोलू शकते हे तिने दाखवले.

त्यांचे पुत्र झाकीर हुसेन (1951–2024) यांनी ही शक्यता आयुष्यभर वाढवली. 1973मध्ये गिटारवादक जॉन मॅक्लॉक्लिन, व्हायोलिनवादक एल. शंकर आणि घटमवादक विक्कू विनायकराम यांच्यासह ‘शक्ती’ हा वाद्यवृंद उभा राहिला. ड्रमवादक मिकी हार्ट यांच्या ‘प्लॅनेट ड्रम’मधील सहभाग ग्रॅमीपर्यंत पोहोचला आणि 2024च्या समारंभात एकाच वेळी तीन ग्रॅमी मिळाले. या यशाकडे पाहताना एक गोष्ट विसरली जाते. झाकीर हुसेन यांची ख्याती स्वतंत्र वादनाने झाली असली, तरी त्यांच्या पिढीतील अनेक थोर तंतकारांना आणि नर्तकांना त्यांनी दशकानुदशके साथ केली, आणि परक्या संगीतात ते इतके सहज मिसळले ते त्या साथीत घडलेल्या कानामुळे. कायद्याची अजोड तयारी असलेले अनेक वादक जॅझच्या मंचावर बसतात आणि आपलेच पलटे वाजवत राहतात. ऐकण्याची सवय नसल्यास दोन परंपरा शेजारी बसतात, एकमेकींशी बोलत नाहीत.

अशा शिखरांखाली उरलेल्या हजारो वादकांचा चरितार्थ मिश्र असतो. शिकवण्या, गायनवर्गातला ठेका, कथकच्या शाळेतील रोजची साथ, भजन-अभंगाचे कार्यक्रम, नाट्यसंगीत, भावगीतांचे दौरे, ध्वनिमुद्रण, परीक्षा आणि स्पर्धांतील साथ, आणि त्यांतून वाट काढत वर्षाकाठी मोजक्या शास्त्रीय मैफली. मुंबईच्या चित्रपटसृष्टीने एके काळी तबला, ढोलकी, नाल वाजवणाऱ्यांना नियमित काम दिले. संगणकीय तालध्वनी आल्यावर ते घटले. आकाशवाणीची ‘बी’, ‘बी-हाय’, ‘ए’ आणि ‘टॉप’ ही श्रेणी श्रवणचाचणीतून मिळते आणि तिचा मान अजूनही आहे, पण नोकरी म्हणून तिथला आधार पूर्वीसारखा राहिलेला नाही. परदेशी शिक्षणसंस्था हा नवा आश्रय : कॅलिफोर्नियातील अली अकबर कॉलेज ऑफ म्युझिकमध्ये झाकीर हुसेन, शंकर घोष आणि स्वपन चौधुरी यांनी शिकवले. स्वतंत्र वादनावर संपूर्ण चरितार्थ चालवणारे वादक कोणत्याही पिढीत बोटांवर मोजण्याइतकेच असतात, बाकी सर्वांचे दिवस साथीवर जातात.

नेमक्या याच ठिकाणी शिक्षणव्यवस्थेची फारकत दिसते. 1931मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांनी महाराष्ट्राच्या तालुक्या-तालुक्यांत तबला पोहोचवला, हे कार्य निःसंशय थोर आहे. प्रारंभिकपासून विशारदपर्यंत आणि पुढे अलंकारापर्यंतचा क्रम ठरल्यामुळे गुरूच्या लहरीवर अवलंबून असलेले शिक्षण सर्वांसाठी खुले झाले. परंतु परीक्षा मोजू शकते ते पाठांतर. विद्यार्थी कायदा, चार-सहा पलटे आणि तिहाई वहीत लिहून घेतो, पाठ करतो आणि वाजवतो, आणि जो पलटा सुचायला हवा तोच पाठ केल्यामुळे कायद्याचा हेतूच निसटतो. साथीचे तत्त्व अभ्यासक्रमात येते, पण गुणांचा मुख्य भर स्वतंत्र वादनावर राहतो. घरच्या रियाझात लेहरा देणारे यंत्र किंवा भ्रमणध्वनीवरील लेहरा सोयीचा खरा, मात्र तो कधी चुकत नाही, थबकत नाही, वादकाचे ऐकतही नाही, आणि वर्षानुवर्षे त्याच्याबरोबर वाजवणाऱ्या विद्यार्थ्याला समोरचा माणूस ऐकण्याची गरजच उरत नाही. सारंगिया किंवा हार्मोनियमवादक लेहरा धरायचा तेव्हा तोही एक संवाद असे.

या फारकतीवर उपाय करणारे शिक्षक आहेत. सुरेश तळवलकर (जन्म 1948) यांनी पंढरीनाथ नागेशकर आणि विनायकराव घांग्रेकर यांच्याकडे तबला शिकल्यानंतर गजाननबुवा जोशी यांच्यासारख्या गायकाच्या सहवासातून लयीचा विचार घडवला. ताल हा गाण्याच्या आतून समजून घ्यावा, ही त्यांच्या अध्यापनातील आणि ‘आवर्तन’ या ग्रंथातील भूमिका त्या अनुभवातून आलेली दिसते. त्यांच्या शिष्यांत विजय घाटे यांच्यासारखे वादक गायन, वाद्य व नृत्य या तिन्ही साथींत सारख्याच सहजतेने वावरतात, हे त्या पद्धतीचे फलित मानावे लागेल. निखिल घोष यांनी 1956मध्ये मुंबईत स्थापन केलेल्या ‘संगीत महाभारती’मागेही गायन, वादन आणि ताल एकाच छताखाली शिकवण्याचा विचार होता.

साथीचे शिक्षण मैफलीवरच सोपवल्याचा सर्वांत मोठा तोटा ज्यांना मैफलीत बोलावलेच जात नव्हते त्यांना झाला. आबान मिस्त्री (1940–2012) यांनी अमीर हुसेन खाँ यांच्याकडे तालीम घेतली, पखवाज व तबल्याच्या घराण्यांवर महत्त्वाचा ग्रंथ लिहिला आणि स्वतंत्र वादनात नाव मिळवले. त्यांच्यानंतर अनुराधा पाल, रिंपा शिवा, सावनी तळवलकर यांच्यासारख्या वादक पुढे आल्या. स्त्री तबलावादकांची ओळख प्रामुख्याने स्वतंत्र वादनाच्या अंगाने व्हावी, यात त्यांच्या आवडीचा भाग असेलही, पण मोठ्या गायक-वादकांनी साथीला स्त्री वादक घेण्याचा प्रघात फार उशिरा आणि अजूनही तुरळकच पडला, हे कारण अधिक वजनाचे आहे. ज्या कौशल्याची शाळा मैफल हीच आहे, तिथे मैफलीचे निमंत्रण नाकारणे म्हणजे शिक्षण नाकारणे. संगीत महाविद्यालयात गायनाचा आणि तबल्याचा वर्ग एकाच इमारतीत, पण वेगवेगळ्या खोल्यांत भरतो. आठवड्यातून एक दिवस ते दोन वर्ग एकत्र बसवले, गाणाऱ्या विद्यार्थ्याने आधी न सांगता बंदिश, ताल आणि लय निवडली, आणि तबल्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला, मुलगी असो वा मुलगा, पाळीने त्याच्या साथीला बसवले, तर त्यासाठी नवा निधी, नवा अभ्यासक्रम किंवा नवी परीक्षा यांपैकी कशाचीही गरज पडणार नाही.